‘सुराही’चं शेवटचं रीळ

१

चौदाव्या डब्यात रीळ नव्हतं. मूठभर तुरीची डाळ होती.

घाटंजीच्या गुलशन टॉकीजचा मालक जफर तो पत्र्याचा गोल डबा दोन्ही हातांत धरून माझ्यासमोर उभा होता. रडावं की कुणाच्या तरी कानाखाली वाजवावी, हे त्याचं अजून ठरत नव्हतं.

“साहेब, तुमी जिंदगीभर माह्या टॉकीजवर शक घेतला,” तो म्हणाला. “आता एक डाव माह्यासाठी घ्या.”

तो म्हणतो ते खरं आहे. मी नेमसिंग राठोड, करमणूक कर निरीक्षक, आता निवृत्त. माझ्या मोटारसायकलचा आवाज न ओळखणारा टॉकीजमालक त्या काळी यवतमाळ जिल्ह्यात नव्हता. फाडलेली तिकिटं पुन्हा विकणारे, भरलेली बाल्कनी रिकामी दाखवणारे, सगळे मी पकडलेले. पुढे तो करच उठला आणि बहुतेक टॉकीजही उठल्या. शक घ्यायची सवय तेवढी राहिली आहे आणि तिचा घरच्यांना फार त्रास होतो. म्हणून जफरचा फोन आल्याबरोबर मी यवतमाळहून निघालो, तेव्हा सूनबाईंनी अडवलं नाही.

गुलशन दिवाळीनंतर पडणार होती. तिथं मंगल कार्यालय होणार. त्याआधी रविवारी दुपारी शेवटचा खेळ, आणि तोही ‘सुराही’चा.

‘सुराही’ आला तेव्हा मी नोकरीत नवा होतो. सासरी मार खाणारी एक बाई नवऱ्याच्या सुरईत विष कालवते, आणि पाहणाऱ्याला सारखं वाटत राहतं की ती सापडू नये. एवढीच गोष्ट, पण तिनं गावोगाव डोकी फिरवली. सिनेमा घाटंजीत येणार म्हटल्यावर इथले पुरुष म्हणे घरचं पाणी सोडून चौकातल्या नळावर जाऊन पीत होते. सदाशिवराव तेव्हाचे तरुण पुढारी. त्यांनी समिती काढली, मोर्चा नेला. बायकांना आत सोडायचं नाही या अटीवर खेळ लागला, आणि पहिल्याच खेळाला, शेवटचं रीळ मशीनवर चढायच्या आत, समितीनं घोषणा देऊन तो बंदही पाडला. दुसऱ्या दिवशी पेट्या अमरावतीला परत गेल्या. घाटंजीत ‘सुराही’चा शेवट कुणीच पाहिला नाही. मी मात्र त्याच साली अमरावतीला तो पूर्ण पाहिला. नंतर हा सिनेमा कुठं लागल्याचं ऐकलं नाही.

यंदा अमरावतीच्या एका बंद पडलेल्या वितरकाच्या गोदामात जफरला त्याची प्रिंट सापडली. भंगारात जायच्या आत त्यानं ती उचलून आणली. चौदा रिळं, चौदा डबे. आणि आता शेवटचंच गायब.

“दाखवू तेरा रिळं,” मी म्हणालो. “तेव्हाही तेवढीच दाखवली होती.”

“नाई जमत न साहेब. वनीहून चंदाबाई येऊन राह्यली.”

चंदाबाईला या भागात कोण ओळखत नाही! वणीच्या रस्त्यावर तिची खानावळ आहे, कोळशाचे ट्रकवाले तिच्याच हातचं जेवतात आणि तिच्याच शिव्या खातात. मूळची ती टॉकीजच्या मागच्या गल्लीतली. नवरा रोज मारायचा. एके दिवशी कडेवरच्या पोरीला घेऊन ती निघून गेली आणि पुन्हा आली नाही.

“तिचा फोन आलता,” जफर म्हणाला. “म्हने, ‘सुराही’च्या शेवटी ते बाई सकायच्या एस्टीत बसून निंगून जाते, ते आयकूनच मी घर सोडलं. मराच्या आंधी एक डाव डोयानं पाहू दे, बाबू. आता तिले काय सांगू मी?”

अमरावतीत मी पाहिलेल्या ‘सुराही’त एस्टी नव्हतीच.

२

जफरचा संशय तारिकवर होता. तारिक गुलशनचा ऑपरेटर. मिसरूड फुटायच्या आत मशीनवर चढला तो केस पांढरे झाले तरी उतरला नाही.

“मशीन बंद होऊन राह्यली म्हनून मले राग आहे, नाई म्हनत नाई,” तारिक मला म्हणाला. “पन तो राग मी रिळावर कायले काढू? कोनी आपल्याच लेकराले लपवते काय?”

आम्ही वरच्या केबिनमध्ये उभे होतो. छत गळून भिंतीला पोपडे आले होते. मशीनला मात्र त्यानं असं पुसलं होतं की तोंड दिसावं. त्या खोलीतला तेलाचा आणि तापलेल्या फितीचा वास नाकात गेला आणि खरं सांगतो, मला भरून आलं. किती दुपारी मी या दारात उभं राहून, तपासणीच्या नावाखाली, फुकट सिनेमे पाहिले! खाली थर्ड क्लासच्या बाकांवरून शिट्ट्या यायच्या, शेंगांची टरफलं पायाखाली करकरायची, आणि बिडीच्या धुरातून तो उजेडाचा पट्टा पडद्यापर्यंत जायचा. आता तो धूर नाही, बाकंही नाहीत. प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या तेव्हाच निम्मी टॉकीज गेली, असं माझं मत आहे.

तारिकचं म्हणणं सरळ होतं. डबे आले तेव्हा सगळी रिळं त्यानं तपासली होती. केबिन गळते म्हणून डबे खाली, बायकांच्या जुन्या तिकीटखिडकीच्या खोलीत ठेवले. काल शुक्रवारी रिळं पुसायला घेतली, तर चौदाव्यात ही डाळ.

ती खोली जफरच्या आईच्या, हुस्नाबींच्या व्हरांड्याला लागून आहे. हुस्नाबी ऐंशी पार केलेल्या. गुडघे गेले, पण जीभ शाबूत. दिवसभर बाजेवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याची खबर घेतात.

“चाची, या आठवड्यात इथं कोण कोण आलं होतं?” मी विचारलं.

“कोन नाई आलतं ते इचार, बेटा. बाजाराचा दिवस होता. अर्धी घाटंजी माह्या ओसरीत पिशव्या ठेवून बाजारात जाते. पह्यलेपासूनची रीत आहे. कोनी पिशवी ठेवते, कोनी पानी पेते, कोनी सुनेची चुगली करून जाते.”

म्हणजे त्या दिवशी बायकांच्या भरलेल्या पिशव्या या व्हरांड्यातून आत-बाहेर झाल्या आणि कुणी कुणाकडे पाहिलं नाही. रीळ जेवणाच्या ताटाएवढं असतं. पिशवीत मेथीच्या जुडीखाली सहज मावतं.

मी डाळ हातावर घेतली आणि जफरच्या बायकोला, नसरीनला दाखवली.

“आमच्या घरची नाई,” ती लगेच म्हणाली. “आमी दुकानातून आनतो, ते चमकते. हे वावरातल्या तुरीची आहे, घरी भरडलेली. माती लावून वायवलेली दिसत नाई काय तुमाले?”

वजन भरायला टाकावी तर मूठभर डाळीनं वजन भरत नाही. टिंगल करायची तर दगड टाकला असता. चोरानं चोरी करताना घरची चांगली डाळ कशाला वाया घालवावी, हे काही केल्या मला उमगेना.

जफरला एवढा धीर नव्हता. “रविवारच्या दुपारपर्यंत रीळ नाई भेटलं त मी ठान्यात तारिकचं नाव देतो,” तो मोठ्यानं म्हणाला. जिन्यात उभ्या असलेल्या तारिकनं ते ऐकलं आणि तो तसाच खाली निघून गेला.

३

घाटंजीत ‘सुराही’चा वैरी एकच, सदाशिवराव. त्यांच्या घरी जाणं भाग होतं. कापसाचे आणि तुरीचे मालक, गावाच्या टोकाला घर, समोर ट्रॅक्टर. पुढारीपण कधीच सुटलं, पांढऱ्या टोपीचा ताठा तेवढा तसाच.

“मी चोरीन? मी?” ते खुर्चीतून अर्धे उठले. “अहो राठोडसाहेब, मले त शेवट पाहाचा आहे! बंद पाडला तवापासून मनाले रुखरुख लागून राह्यली, काय झालं असन म्हनून.”

“बंद पाडला तेव्हा तुम्ही आत होता?”

“मंग! पुढच्या रांगेत.”

“म्हणजे तेरा रिळं नीट पाहून मग घोषणा दिल्या?”

“पाह्यल्याशिवाय विरोध कसा कराचा?” त्यांनी मला समजावलं. “कोनी इचारलं, काय वाईट आहे त्याच्यात, त सांगता याले पाह्यजे का नाई?”

मला हसू आवरेना. तेही हसले. मग बराच वेळ आम्ही दोघं त्या दुपारची आठवण काढत बसलो. मी तेव्हा बाहेर खिडकीवर तिकिटं तपासत होतो आणि ते आत डोळे फाडून पाहत होते. विष द्यायचा तो प्रसंग त्यांनी मला साभिनय करून दाखवला. “उजव्या हातानं असा पेला भरते. पदर सावरते. आन इतकी गोड हासते की तुमी असते त तुमीबी पेले असते. तेच त खतरनाक होतं न!”

तेवढ्यात ट्रॅक्टरवाल्यानं बाहेरून हाक मारली आणि ते उठून गेले. आतून त्यांच्या पत्नी विमलताई चहा घेऊन आल्या. बारीक चणीच्या, कपाळावर मोठं कुंकू, आवाज इतका हळू की कान द्यावा लागतो.

“तुम्ही पाहिला होता का हो ‘सुराही’?” मी सहज विचारलं.

“मी? बायकायले मनाई होती न भाऊ. ह्यायनंच त केलती मनाई. मले जे ठाऊक आहे ते ह्यायच्याच तोंडून.” त्यांनी कप पुढे केला. “पन काय छाती म्हना त्या बाईची! नवऱ्याले डाव्या हातानं पानी देते. डाव्या हातानं! त्या मुडद्याले तवाच समजाले पाह्यजे होतं.”

हे बोलताना त्यांच्या डोळ्यांत अशी काही चमक आली की मी कप तसाच धरून राहिलो.

“चंदा येनार आहे म्हनतात,” त्या म्हणाल्या. “खरं हाय काय?”

“उद्या सकाळच्या गाडीनं.”

त्यांनी सदाशिवरावांचा कप ट्रेसकट तिथंच ठेवला. त्या आत निघून गेल्या.

टॉकीजवर परत आलो तेव्हा दाराशी ‘सुराही’चं जुनं पोस्टर लावलं होतं. त्यावरही पेला उजव्याच हातात. सदाशिवरावांनी उजवा पाहिला, मी अमरावतीत उजवा पाहिला. मग त्यांच्याच तोंडून ऐकलेल्या गोष्टीत विमलताईंकडे येईपर्यंत हात कसा बदलला?

४

उत्तर मला ध्यानीमनी नसताना मिळालं.

तारिक मशीन तपासायला मधलं एक रीळ लावून पाहणार होता. म्हटलं, तोवर आपण पडद्यामागं एकदा शोधून घ्यावं. पडदा म्हणजे जाड पांढरं कापड आणि त्याच्यामागं भिंतीपर्यंत बोळ. तिथं मोडक्या खुर्च्या, गंजलेले कर्णे आणि जुन्या पोस्टरांच्या गुंडाळ्या पडल्या होत्या. मी वाकून एकेक गुंडाळी पाहत होतो. तेवढ्यात आवाज सुरू झाला आणि सगळा बोळ उजळला.

मी मान वर केली. माझ्यासमोर, हाताच्या अंतरावर, ‘सुराही’ची नायिका उभी होती. कापडातून आलेली, जरा अंधुक, पण स्पष्ट. तिच्या मागं, खिडकीबाहेरच्या दुकानाच्या पाटीवरची अक्षरं उलटी दिसत होती. तिनं पेला भरला, पदर सावरला, हसली आणि नवऱ्यासमोर हात केला.

तो हात डावा होता.

मी तिथंच एका मोडक्या खुर्चीत बसलो. समोर बसून पाहणाऱ्या पुरुषांना ती उजव्या हातानं विष देत होती. ती डाव्या हातानं देते असं फक्त त्यालाच वाटेल ज्यानं हा सिनेमा पडद्याच्या मागं बसून पाहिला. नवऱ्याला डाव्या हातानं पाणी देणं! घाटंजीच्या बायका तो अपमान चाळीस वर्षं चवीनं आठवत असणार, आणि सिनेमात तो नव्हताच.

मी तडक हुस्नाबींसमोर जाऊन बसलो. “चाची, मनाई होती त्या दिवशी पडद्यामागं बायका बसवल्या होत्या ना तुम्ही?”

त्या आधी चपापल्या. मग तोंडावर पदर घेऊन अशा हसल्या की बाज हलली. “जफरच्या अब्बालेबी ठाऊक नव्हतं रे! मांगच्या दारानं एकेकीले आत घेतली. कोनाच्या कडेवर लेकरू, कोनाच्या हातात भाकरीचं पीठ तसंच. तोंडातून चकार शब्द काढाचा नाई, अशी कसम घातली होती.” मग एकदम गंभीर होऊन म्हणाल्या, “तुमी कराचे साहेब होते. बिनतिकिटाच्या बायका बसवल्या म्हनून आता दंड मारता काय?”

उभ्या जिल्ह्याच्या टॉकीजमालकांची लबाडी पकडणारा मी, त्या दुपारी पुढच्या दाराशी तिकिटं मोजत उभा होतो आणि मागच्या दारानं अर्धी गल्ली आत गेली होती. मी मनातल्या मनात हुस्नाबींना सलाम केला.

“कोण कोण होत्या?”

“नावं नाई सांगनार. कसम म्हंजे कसम.”

“नका सांगू. विमलताई बाजाराच्या दिवशी तुमच्यासाठी काय आणतात, तेवढं सांगा.”

“ते बिचारी दर बाजाराले घरची डाय आनते माह्यासाठी,” हुस्नाबी म्हणाल्या. मग त्यांचं हसू मावळलं आणि त्या माझ्याकडे पाहत राहिल्या.

५

सदाशिवराव वावरात गेले होते. विमलताई ओट्यावर एकट्याच बसल्या होत्या. मी खिशातून पुडी काढली आणि डाळ त्यांच्यासमोर एका ताटलीत ओतली.

“डबा रिकामा ठेववला नाही ना तुमच्यानं?” मी म्हणालो.

त्या मान खाली घालून पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

मी माझा हिशेब मांडला. शेजारणीचा डबा कुणी रिकामा परत करत नाही. साखर नाही तर डाळ, चिमूटभर काहीतरी घालूनच देतात. रीळ काढून घेतलं आणि रिकामा डबा मागं ठेवायची वेळ आली तेव्हा हात आपोआप पिशवीतल्या डाळीकडे गेला. पुरुष असता तर झाकण लावून पळाला असता. डाळ घरची, म्हणजे बाई शेतकऱ्याघरची. तिनं ‘सुराही’ पडद्यामागून पाहिलेला आणि तो पाहिलाच नाही असं ती सांगते. आणि एस्टीची गोष्ट ज्या सिनेमात नाही, त्यात ती कुणीतरी घातलेली. असं घालणारीलाच शेवटच्या रिळाचं भय वाटणार.

“हातच नाई उचलला भाऊ,” त्या हळू म्हणाल्या. “जल्माची सवय. रिकामा डबा पाह्यला का कसंतरी होते.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. खेळ बंद पडला तशा बायका मागच्या दारानं पळाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बोअरिंगवर पाण्याला सगळ्या जमल्या. शेवट काय, शेवट काय, एकच धोशा. विमलताईंचा नवरा समितीचा पुढारी, त्याच्याकडे पूर्ण कथा असणार, म्हणून सगळ्या त्यांच्याच तोंडाकडे पाहत होत्या.

“चंदाचा डोया सुजला होता त्या दिशी,” त्या म्हणाल्या. “घागर भरून झाली तरी ते हालेना. मले इचारे, सापडते काय वो ते? सांग न विमल, सापडते काय? मले काय ठाऊक! पन मी तिच्या डोयाकडं पाह्यलं आन सांगून देल्लं. नाई सापडत. सकायची एस्टी धरते, खिडकीपाशी बसते आन जाते निंगून. कोनी अडवत नाई. थोड्याच दिवसात चंदा खरंच गेली. पोरगी कडेवर, हातात एक पिशवी. मले वाटलं, माह्या लबाडीपायी हे रस्त्यावर मरते आता. कित्येक वर्स मले झोप नव्हती. मंग समजलं, खानावळ टाकली. मंग पोरगी नर्स झाली.” त्यांनी डोळे पुसले. “आता ते तो शेवट पाहाले येते. आन तिथं एस्टीच नसन त तिनं काय समजाव? का आपन कायच्या भरोशावर निंगालो होतो?”

“शेवटी काय आहे, ते तुम्हाला माहीत आहे?”

“नाई. एस्टी माह्या मनातली, एवढंच ठाऊक आहे.” त्या थांबल्या. “तुमी पाह्यला न? काय होते हो तिचं?”

खोटं बोलायची इच्छा झाली. पण चाळीस वर्षं थांबलेल्या माणसाशी खोटं बोलवत नाही. “नवऱ्याच्या फोटोपुढं डोकं टेकवून रडते,” मी सांगितलं. “आणि स्वतः पोलीस चौकीत जाऊन हात पुढे करते.”

विमलताईंनी ताटलीतली डाळ बोटानं एका कडेला सारली. मग म्हणाल्या, “बरं झालं मले तवा ठाऊक नव्हतं.”

मी त्यांना एवढंच सांगितलं की जफर उद्या ठाण्यात तारिकचं नाव देणार आहे. त्या झटकन उभ्या राहिल्या.

“तारिकचं? त्यानं काय केलं? नाई, नाई, हे नाई चालनार.”

आतल्या खोलीत तुरीची कोठी होती. त्यांनी कोपरापर्यंत हात घालून जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं रीळ वर काढलं आणि माझ्या हाती दिलं. “लावा. मी तिच्या बाजूले बसते. जे होईन ते माह्यासमोर होऊ दे.”

६

रविवारी गुलशनला जी गर्दी झाली ती मी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. म्हातारे बैलबंडीतून आले, कुणी नातवाच्या मोटारसायकलवर मागं बसून आले. सगळ्या जुन्या बायका आपोआप लेडीज बाजूला जाऊन बसल्या, जणू बायका-पुरुषांच्या मधली जुनी दोरी अजून बांधलेली आहे. शेंगावाला आला, आणि पुन्हा पायाखाली टरफलं करकरली. जफरला मी सांगितलं होतं की रीळ सापडलं, चोर पकडलेला आहे आणि त्याला माफी दिलेली आहे, पुढचं विचारू नकोस. त्यानं जाऊन तारिकचे दोन्ही हात धरले. तारिक आधी मान वळवून उभा राहिला आणि मग म्हणाला, “जाऊ दे, मशीन सुरू कराची आहे.”

चंदाबाई आली ती आरडाओरडा करतच. जाडजूड, जांभळ्या पातळाची, एका हातात मोबाइल आणि दुसऱ्या हातात जफरसाठी आणलेला शेवचिवड्याचा पुडा. विमलताई दिसल्याबरोबर तिनं त्यांना कवेत घेतलं आणि मग पूर्ण सिनेमाभर त्यांचा हात सोडला नाही. त्यांच्या पुढच्या रांगेत सदाशिवराव टोपी घालून बसले होते. मी मागं भिंतीशी उभा होतो, माझ्या जुन्या जागी.

पेल्याचा प्रसंग आला तेव्हा लेडीज बाजूला कुजबुज झाली. “उजवा हात काहून?” कुणीतरी म्हणालं. हुस्नाबी पदराआड हसत होत्या.

मग चौदावं रीळ लागलं. विमलताईंनी डोळे मिटून घेतले. पडद्यावर ती बाई नवऱ्याच्या फोटोपुढं रडली, केस मोकळे सोडून चौकीत गेली आणि तिनं हात पुढे केले. बेड्यांचा आवाज झाला, शंख वाजला, समाप्त. दिवे लागले.

आधी सदाशिवराव उठले. “याच्यासाठी मी बंद पाडला होता?” ते हताश होऊन म्हणाले. “हा त आमच्याच समितीच्या मताचा शेवट निंगाला!”

आणि मग चंदाबाई उभी राहिली. तिनं मागं वळून केबिनच्या झरोक्याकडे बोट रोखलं.

“अबे तारिक, हे कायचं रीळ लावलं? हा शेवट चूक आहे!”

“हो न! एस्टी कुठं आहे?” मागून दुसरी ओरडली. “माह्या सासूनं सांगतलं होतं, खिडकीपाशी बसते म्हनून!” बघता बघता लेडीज बाजूच्या सगळ्या म्हाताऱ्या उठून उभ्या राहिल्या. जफर बिचारा पडद्यापाशी उभा राहून एकदा त्यांच्याकडे आणि एकदा वर पाहत होता. ज्या सिनेमाविरुद्ध या गावात एकेकाळी मोर्चा निघाला, त्याच्याच शेवटावर आता बायका तुटून पडल्या होत्या. एवढा आनंद मला कित्येक दिवसांत झाला नव्हता.

विमलताईंनी चंदाबाईचा पदर ओढला. त्यांचा आवाज नेहमीसारखाच हळू होता, पण तोवर सगळे ऐकायला थांबले होते.

“चंदे, रीळ बरोबर आहे. एस्टी मी घातलती. माह्या मनानं. सिनेमात नव्हतीच ते.”

“तुले काय ठाऊक?” सदाशिवराव गर्रकन वळले. “तू कवा पाह्यला?”

“तुमी पाह्यला त्याच दिशी,” विमलताई म्हणाल्या. “तुमी समोरून, मी मांगून.”

सदाशिवरावांनी टोपी काढून हातात घेतली. पण विमलताईंचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. त्या चंदाबाईकडे पाहत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. “मी तुले फसवलं चंदे. एस्टी नव्हती.”

चंदाबाईनं हातातला मोबाइल खुर्चीवर टाकला. मग तिनं आपल्या रुंद तळव्यानं त्यांचे दोन्ही गाल पुसले.

“नव्हती कशी?” ती म्हणाली. “मी बसलती न तिच्यात.”